कान टोचणी

निवृत्त मास्तरला दोन व्यसनं लागतात. एक, पेपर शेवटच्या पानाच्या जाहिरातीपर्यंत वाचणं आणि दुसरं, वाचलेलं गावाला समजावून सांगणं. मला तिसरंही लागलं: शेळ्या. पाच शेळ्या आणि घराच्या भिंतीला टेकवलेला टिनपत्र्यांचा गोठा एवढ्या भांडवलावर मी स्वतःला पशुपालक म्हणवून घेऊ लागलो. शेळ्या मात्र मालकीण बायकोलाच मानत. चारा ती घालायची, मी मार्गदर्शन करायचो.

पहिलं मार्गदर्शन मी टॅगवाल्याला केलं. 1 जून 2024 पासून जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला सक्तीचा झाला होता. पोरगा पक्कड घेऊन दारात आला. मी त्याला ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि खासगीपणाच्या हक्कावर पाऊण तास व्याख्यान दिलं. माणसाचं आधार झालं, आता बकरीचंही? पोरगं चहा संपवून जे गेलं, ते पुन्हा आमच्या गल्लीत फिरकलं नाही. लोकशाही वाचवल्याच्या समाधानात मी झोपलो.

मग जुलै 2025 उजाडला. राज्य सरकारने पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. वीजदर शेतीसारखा, ग्रामपंचायतीचा करही शेतीसारखा. मर्यादा तरी किती दिलदार! 25 हजार मांसल कोंबड्या, 500 शेळ्या-मेंढ्या. माझ्यासारखे शंभर जण त्या मर्यादेत मावले असते.

पुण्यातल्या सीए भाच्याला लगेच फोन लावला. तो म्हणाला, "मामा, हुरळून जाऊ नका. हे राज्याचं झालं. 1961 च्या आयकर कायद्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण शेळी शेतीत बसत नाही. तो धंदा. तुमचा नफा किती?"

मी हिशोब केला. ढेप, सरकी, औषधं, पत्रे.

"उणे."

"मग निश्चिंत राहा. तुम्हाला माफ करायला सरकारकडे काही नाहीच."

जाता जाता त्याने सांगितलं, की अमेरिकेत दुष्काळामुळे जास्तीची जनावरं विकावी लागली, तर त्या नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. तेवढंच घेऊन मी संध्याकाळी पारावर गेलो. शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, दुष्काळात बकऱ्या इकून नफा? तिकडं त्या घेते कोन?"

अडाण्यांशी वाद नको म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरचं कात्रण घेऊन मी थेट ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकाला हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं. मी तसं म्हणालो, त्यामुळे तो आधीच सावध झाला.

"माझ्या गोठ्याला करसवलत पाहिजे," मी कात्रण टेबलावर आपटलं.

त्याने नमुना 8 चं रजिस्टर काढलं. बोट फिरवत फिरवत माझ्या नावाशी थांबला.

"गुरुजी, इथं तर तुमचं फक्त घर हाय. गोठा कुठी हाय?"

"आहे की! घराला लागून. चार वर्षं झाली. बारा बाय दहाचा. नवेकोरे पत्रे." वर्गात शिकवताना येईल तेवढा स्पष्ट आवाज मी काढला. तो लिहून घेत होता.

"बरं झालं सांगतलं. आदेश आला की सवलत लावू. पण सवलत लावाले आधी कर तं लावा लागते."

सवलत मागायला गेलेला मी गोठ्याचा कर आणि घरपट्टीची दोन वर्षांची थकबाकी अशी पावती घेऊन परतलो. पारावर कळायला अर्धा तास लागला. पुढे महिनाभर लोक मला आदराने विचारत, "गुरुजी, आमच्याही खुराड्याची नोंद करून देता का?"

पावसाचं भाकीत आमच्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळला घट मांडून करतात. माझ्या पत्र्यांचं भाकीत बायकोने घट न मांडताच केलं होतं: "अहो, ते पत्रे बांधा." सप्टेंबरातल्या एका रात्री ते खरं ठरलं. आभाळ फाटलं, वारा उठला, गोठा बसला. दोन शेळ्या खाली सापडल्या. त्यातली एक चांदी. पाचांत तेवढीच माझ्या हाकेला ओ द्यायची. त्या सकाळी मी कोणालाही मार्गदर्शन केलं नाही.

ऑक्टोबरात सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, कोंबडीला 100. मोठ्या जनावरांना तीनच्या वर मदत नाही, ही अटही काढली. शेळीचे 4,000. दोनाचे आठ हजार, मी बोटांवर मोजले. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा माझी फाइल तयार होती. सातबारा, आधार, पासबुक, फोटो, शिवाय दोन पानी निवेदन.

"अन् टॅग नंबर?"

बिल्ल्याशिवाय भरपाई नाही, हे त्याच 2024 च्या आदेशात लिहिलेलं होतं. मी तो आदेश वाचला होता. निषेध करण्यासाठी वाचला होता, त्यामुळे तेवढी ओळ नजरेतून सुटली.

फाइल मिटता मिटता त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "गोठा घराले लागून होता का? नोंद हाय?"

बायको आत गेली. देव्हाऱ्यामागून तिने ती पावती आणली, जिच्यावरून गाव महिनाभर हसलं होतं. नमुना 8, बारा बाय दहा, कर भरलेला. घराला लागून असलेल्या गोठ्याचे 3,000 रुपये मंजूर झाले. माझ्या पुऱ्या विद्वत्तेने मिळवून दिलेली ही एकमेव मदत, आणि तीही मूर्खपणाच्या पावतीवर.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. गल्लीच्या टोकाला तोच टॅगवाला पोरगा दिसला. मला पाहताच तो पलीकडच्या बोळात वळला.

"बोलवा त्याले," बायको म्हणाली. "उरलेल्या तिघींचे कान टोचून घेऊ. अन् चहा मीच देते. तुम्ही मधात बोलू नका."

मी बोललो नाही. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. आमच्या घरात सोनार कोण, हे मला चार वर्षं उशिरा कळलं.