प्रवेशिका नामंजूर

रायगडच्या किनाऱ्यावर सध्या दोन गोष्टी तेजीत आहेत: जमिनीचा भाव आणि कलेची जाण. मांडव्याला बोटीतून उतरलेला माणूस पहिल्या वर्षी कंपाउंड घालतो, दुसऱ्या वर्षी पोहण्याचा तलाव खणतो आणि तिसऱ्या वर्षी तलावाच्या काठी बुद्धाचे मस्तक ठेवून आध्यात्मिक होतो. अशा प्रदेशात ‘प्रतीके आणि अध्यात्मचिन्हे’ या विषयावर एखादे स्पर्धात्मक कलाप्रदर्शन भरायलाच हवे. ते अजून भरलेले नाही. पण भरेल तेव्हा काय होईल हे आम्हांला आजच लख्ख दिसत असल्याने परीक्षक मंडळाचे इतिवृत्त आगाऊ प्रसिद्ध करीत आहोत.

नियम नेहमीचेच. कलाकृती चार फूट बाय तीन फुटांच्या आत हवी. मागे टांगायला हूक हवा. सोबत दोनशे शब्दांचे संकल्पना-निवेदन हवे. प्रवेशशुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही. किनाऱ्याने हौसेने आपल्याजवळचे होते नव्हते ते सगळे पाठवून दिले.

पहिली प्रवेशिका घारापुरीची. वीस फुटांच्या आसपास उंचीचा सदाशिव पाहून परीक्षक प्रभावित झाले, पण हूक कुठे आहे ते कोणालाच सापडेना. शिवाय शिवाची मुखे पाच आणि प्रत्यक्षात दिसतात तीनच. ‘काम अपूर्ण, मुदतवाढ मागितलेली नाही,’ असा शेरा पडला. १९८७ पासून हे जागतिक वारशाच्या यादीत आहे, असे कारकुनाने दबक्या आवाजात सुचवले. त्यावर, बाहेरची प्रमाणपत्रे ग्राह्य धरली जात नाहीत, असे त्याला समजावण्यात आले.

दुसरी आणि तिसरी प्रवेशिका मुरुडहून एकाच होडीने आल्या. जंजिऱ्याच्या दरवाज्यावरचा तो पंजांत हत्ती दाबून धरलेला पशू, आणि समोरच्या पद्मदुर्गाचा कमळाच्या पाकळ्या ल्यालेला बुरूज. सिद्दीचा हत्ती धरणारा आणि त्याच्या उरावर शिवाजी महाराजांनी फुलवलेले कमळ! साडेतीनशे वर्षांपूर्वी ही दोन चिन्हे एकमेकांवर तोफा डागत होती. तेव्हा त्यांचा अर्थ समजून घ्यायला कोणाला निवेदन वाचावे लागत नव्हते. मंडळाला मात्र वेगळीच काळजी. प्रदर्शनाच्या तारखा निवडणुकीत आल्या तर? २०१२ साली उत्तर प्रदेशात निवडणूक आयोगाने दगडी हत्ती झाकायला लावले होते, ही नजीर एका परीक्षकांना पाठ होती. तेव्हा हत्ती झाकायचा, कमळ झाकायचे, पुढेमागे एखादी सतीशिळा आली तर तिच्यावरचा हातही झाकायचा, असे ठरले. कापडाची मापे घेतली गेली. पुढे हिशेब केल्यावर दिसले, की सगळे झाकून झाल्यावर दालनात उघडे असे फक्त प्रायोजकाचे नाव उरते. ही मांडणी मंडळाला फार आवडली.

चौथी प्रवेशिका अलिबागच्या इस्रायल आळीमार्फत आली. जवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. एलियाहू हन्नबी म्हणजे प्रेषित एलिया यांच्या रथाच्या खुणा त्या खडकावर उमटल्या, अशी बेने इस्रायल या इथल्या ज्यू समाजाची श्रद्धा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने ज्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, त्यांच्यातले कितीतरी लोक इस्रायलला जाऊन स्थायिक झाले. पण नवस फेडायला या खडकापाशी येणारे अजून येतात, आणि हन्नबीच्या नावाने मलिदा करतात: पोहे, गूळ, खोबरे आणि फळे. परीक्षकांनी ‘माध्यम’ या रकान्यात ‘पोहे’ असे वाचले आणि नाशवंत पदार्थ घेता येत नाहीत म्हणून प्रवेशिका बाजूला ठेवली. सोबत आलेला मलिदा तेवढा तपासणीसाठी ठेवून घेण्यात आला. तपासणी पूर्ण झाली.

पेणच्या गणपतीने मंडळात उभी फूट पाडली. आवृत्ती किती प्रतींची, या प्रश्नाला पेणकरांनी ‘लाखांत’ असे प्रामाणिक उत्तर दिले, तिथेच ते संपले होते. फार प्रती निघाल्या की कलाकृतीचा माल होतो, असा मंडळाचा नियम आहे. पण दीड दिवसाने हीच मूर्ती वाजतगाजत पाण्यात सोडतात, हे कळताच एक परीक्षक खुर्चीतून उठले. ‘कलाकृती नष्ट करणे हीच कलाकृती! केवढे धाडस!’ आपल्या आजोबांनी ते धाडस दरसाल केले होते, हे त्यांना आठवले नाही. अखेर शाडू की प्लास्टर हा विषय निघाला आणि प्रकरण कोर्टाच्या निकालांपर्यंत जाऊन थांबले.

आता आमच्याच किनाऱ्याने अशा मंडळांना पूर्वी काय उत्तर दिले, तेही नोंदवायला हवे. सासवण्याचा एक मुलगा देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढतो. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड ते पाहतात आणि मुलाला मुंबईला जे. जे. कला विद्यालयात पाठवतात. निवेदन नाही, शुल्क नाही, हूक तर नाहीच. परीक्षक एक आणि निकाल जागेवर. त्या विनायक पांडुरंग करमरकरांनी पुढे १९२८ साली पुण्यात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा केला. आज एखाद्या मुलाने भिंतीवर चित्र काढले, तर कलेक्टर कचेरीतून सार्वजनिक मालमत्ता विद्रूप केल्याची नोटीस येईल.

दुसरे उत्तर प्रभाकर बरवे यांचे. १९३६ साली नागावात जन्मलेला हा चित्रकार साठच्या दशकात विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत बनारसला गेला आणि तिथे तंत्रातली चिन्हे डोळ्यांत भरून आला. पुढे ती चिन्हेही त्याने सोडली आणि पान, घड्याळ, पेन्सिल अशा साध्या वस्तूंना चित्रात एकमेकांशी बोलते केले. प्रतीक उसने आणायचे नसते, हे त्याने न सांगता सांगितले. २०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन उघडले. नाव ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’, म्हणजे रिकाम्या पेटीच्या आत. उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्या, त्याबद्दल त्यांनी विचारताच मंचावरूनच त्यांना थांबवण्यात आले: बरव्यांवर बोला. थोडक्यात, प्रतीकांविषयी हवे तितके बोलावे. पेटी कोणी रिकामी केली, ते विचारू नये.

शेवटी आल्या दानाच्या शिळा. आक्षीची शिळा, जिच्यावरचा शक अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला. तिच्यामागून अलिबागजवळच्या नागावची शके १२८९ची, मराठीबरोबर अरबीही बोलणारी. अशा शिळांची घडण ठरलेली. वर चंद्र आणि सूर्य: ते आहेत तोवर हे दान टिको. मध्ये मजकूर: कोणी, कोणाला, काय दिले. आणि पुष्कळ शिळांवर तळाला एक गाढव. दिलेली जमीन जो हिसकावील, त्याच्या आईपर्यंत त्या गाढवाचा अर्थ जाऊन पोचतो. सातबारा, मुद्रांक आणि फौजदारी कलम, तिन्ही एका दगडात.

परीक्षकांना या शिळांत ‘मजकुराचा अतिरेक’ आणि ‘प्राणिचित्रणात प्राथमिकता’ दिसली. तरीही चौकटीबाहेरचे काम म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस द्यायला त्यांची हरकत नव्हती. हरकत आली ती प्रायोजकांची. त्यांचे समुद्रदर्शनी प्लॉट याच पट्ट्यात विक्रीला आहेत. गाढवाचा अर्थ त्यांनी विचारला, कारकुनाने तो खाली मान घालून सांगितला. वकिलांना फोन गेला. शाप जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जातो का, चंद्रसूर्य ही मुदत कायद्यात बसते का, आणि पूर्वीच्या व्यवहारांना तो लागू होतो का, हे तीन प्रश्न लेखी विचारण्यात आले. उत्तराची वाट न पाहता शिळा दालनाबाहेर काढल्या.

पहिले पारितोषिक तलावाकाठच्या बुद्धमस्तकाला मिळाले. त्याला हूक होता. पण निकालाचा दिवस गाजवला तो प्रायोजकांनीच. जाणकारांच्या मंडळाला दिवसभरात एकाही चिन्हाचा अर्थ लागला नाही, आणि प्रायोजकांना गाढवाचा अर्थ कळताच घाम फुटला. पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून त्यांनाच नेमावे, अशी आमची नम्र शिफारस आहे.