दुधातली साखर

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर माझी पहिली बदनामी झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर येऊन उभ्या राहायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जायची आणि ती थेट ग्लासात पडायची. वर चार बोटं फेस, खाली म्हशीच्या अंगाची ऊब. याला धारोष्ण म्हणतात. कोल्हापुरात ज्या घरांत मुंज होत नाही, त्या घरांतही हा संस्कार होतोच. आबा, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी तालमीची माती अंगाला लावलेले. उतारवयातही खुर्चीतून उठताना मांडीवर थाप मारून उठायचे. त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि एका दमात संपवायला लावला. घर शुक्रवार पेठेत. त्या वाटेवर मी निम्मं अंतर चाललो आणि निम्मं धावलो. आबांना वाटलं, दुधानं अंगात तरतरी आली. धावण्याचं खरं कारण त्यांना मागच्या अंगणातल्या बंद दाराबाहेर उभं राहिल्यावर कळलं.

"मर्दा," ते दाराबाहेरून म्हणाले, "म्हशीचं दूध पचंना, मग तुला पचणार तरी काय?"

खरं तर बाकी सगळं पचायचं. तांबडा रस्सा पचायचा, त्यावर मिसळ पचायची, परीक्षेच्या दिवसांत खाल्लेल्या खडूचाही कधी त्रास झाला नाही. पांढऱ्या रश्श्याच्या मी वाट्यांवर वाट्या रिचवायचो. पुढे कळलं की तो नारळाच्या दुधाचा, आणि नारळाला म्हशीचे गुण लागलेले नसतात. अडचण फक्त जनावराच्या दुधाशी होती. ही अडचण कोल्हापुरात कुणाला सांगायची म्हणजे पंढरपुरात जाऊन आपल्याला टाळांचा आवाज सोसत नाही म्हणण्यासारखं.

दारू नको म्हणणाऱ्याकडे लोक आदरानं बघतात. दूध नको म्हणणाऱ्याकडे संशयानं बघतात. बरं, सबबी सांगाव्यात तर एकही चालत नाही. उपवास आहे म्हणावं, तर उपवासाला दूध चालतं. बरं वाटत नाही म्हणावं, तर आजाऱ्याला दूधच देतात. अशक्तपणा आला, दूध. झोप येत नाही, दूध. हाड मोडलं, हळद घालून दूध. नागपंचमीला बिचाऱ्या नागासमोरही दुधाची वाटी येते. फरक इतकाच की तो पीत नाही तेव्हा त्याला कुणी कारण विचारत नाही.

लग्न झालं. पहिल्या रात्री केशरी दुधाचा ग्लास आला. नव्या बायकोच्या हातचं दूध परत करण्याइतका शूर मी नव्हतो. प्यालो. तासाभरात पोटात कुणीतरी मोकळी पिंपं गडगडत न्यायला सुरुवात केली. मी कुशीवर वळलो, पालथा झालो, श्वास रोखून धरला. अंधारात बराच वेळ शांतता पाळून बायको हळूच म्हणाली, "अहो, बाहेर कुणाचा टेम्पो चालू राहिलाय का?"

"शेजाऱ्यांचा," मी म्हणालो.

संसारातलं माझं पहिलं खोटं ते. शेजाऱ्यांकडे सायकलसुद्धा नाही हे तिला सकाळी आठ वाजता कळलं.

जिल्हा परिषदेत नोकरीला लागल्यावर पेढ्यांचा प्रश्न उभा राहिला. बढतीचे पेढे, बारशाचे पेढे, बदली रद्द झाल्याचे पेढे. खवा म्हणजे दूध आटवून आटवून केलेला गोळा, म्हणजे माझ्या दृष्टीनं त्रासाचाच अर्क. अशात मला एक बिनतोड सबब सापडली. मी हात जोडून म्हणायचो, "मला शुगर आहे."

ही सबब इतकी चालली की माझ्या हाताबाहेर गेली. आस्थापनेतल्या एका मॅडमनी मेथीची पूड आणून दिली. लेखा शाखेतून जांभळाच्या बिया आल्या. एक सद्‌गृहस्थ रोज सकाळी थर्मासमधून कारल्याचा रस आणायचे आणि मी तो पिऊन संपवेपर्यंत टेबलाशी उभे राहायचे. नसलेल्या मधुमेहासाठी मी बारा वर्षं कारलं प्यालो. कारलं उत्तम पचायचं.

या सबबीचा निकाल लागला एका कोजागरीला. आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर मोठं पातेलं चढलं होतं. वेलदोडा, जायफळ, चारोळ्या, केशर, सगळं रीतसर. मी नेहमीप्रमाणे शुगरचा हात पुढे केला, तशा सेक्रेटरींच्या मिसेस विजयी चेहऱ्यानं म्हणाल्या, "काका, तुमच्यासाठी बिनसाखरेचं वेगळं काढलंय! मोठा ग्लास!"

सगळी गच्ची माझ्याकडे कौतुकानं बघत होती. कोजागरीला दुधात चंद्र बघतात. मी बघितला, आणि चंद्रासकट तो ग्लास रिचवला. त्यानंतर गाण्याच्या भेंड्या झाल्या म्हणे. मला 'म' अक्षर आलं होतं, पण मी जागेवर नव्हतो. आपण सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला याबद्दल मी त्या रात्री देवाचे आभार मानले, आणि लिफ्टची वाट बघत थांबलो नाही याबद्दल स्वतःचे.

मग उपाय सुरू झाले, कारण आता बायकोनं प्रकरण हातात घेतलं. सुंठ घालून दूध. ओवा खाऊन दूध. गार दूध, गरम दूध, अर्धं पाणी घालून दूध. दूध सोडून देणं या उपायावर मात्र कुणी विचार केला नाही. एका नातेवाइकांनी देशी गाईचं ए-टू दूध काचेच्या बाटलीतून पाठवलं. त्याची किंमत ऐकून मी ते पचवायची नैतिक जबाबदारी घेतली, पोटानं घेतली नाही. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा. माझं भांडण प्रथिनाशी नव्हतंच, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? औषधाच्या दुकानात पचनाचं सिरप मिळालं, गुलाबी रंगाचं, बडीशेपेच्या वासाचं. जेवणानंतर दोन चमचे. त्यावर मी विश्वासानं बासुंदी खाल्ली. नरसोबाच्या वाडीची. पुढचं सांगत नाही. तीर्थक्षेत्राचा उल्लेख आलाय.

एवढं झाल्यावर मी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी श्वासाची चाचणी केली. उपाशीपोटी लॅक्टोज विरघळवलेलं पाणी प्यायचं आणि दर अर्ध्या तासानं एका यंत्रात फुंकायचं. यंत्र श्वासातला हायड्रोजन मोजतं. माणसाच्या पेशी हायड्रोजन तयार करत नाहीत, तो फक्त आतड्यातले जंतू करतात. आकडा मूळच्यापेक्षा वीस पीपीएमनं वाढला की निदान पक्कं. माझा वीसवर थांबलाच नाही. सरकारी सेवेत इतकी वर्षं काढली, पण उद्दिष्टापेक्षा जास्त उत्पादन माझ्या नावावर त्या दिवशी पहिल्यांदा नोंदलं गेलं.

डॉक्टर समजावू लागले. दुधात मुळातच एक साखर असते, लॅक्टोज. आपण वरून घालतो ती वेगळी. ही म्हशीनं आतून घातलेली. २५० मिलिलिटरच्या ग्लासात साधारण १२ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे. मला गच्चीवरचं ते बिनसाखरेचं दूध आठवलं. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज ही दोघं हातात हात घालून बसली की लॅक्टोज होतं, आणि जोडी सुटल्याशिवाय त्यांना लहान आतड्याच्या भिंतीतून आत घेत नाहीत. जोडी सोडवायचं काम लॅक्टेज नावाच्या विकराकडे, म्हणजे एन्झाइमकडे. बाळपणी ते भरपूर असतं. आईचं दूध सुटल्यावर बहुतेकांच्यात ते कमी कमी होत जातं.

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढल्यामुळे यापुढचं मला समजावावं लागलं नाही. माझ्या आतड्यातल्या त्या टेबलावरचा कारकून मी शाळेत जायला लागलो त्याच सुमाराला स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेला होता. पद रिक्त. फाईल पुढे सरकते ती निकाली न निघताच. वाटेत पाणी ओढून घेते, फुगते आणि मोठ्या आतड्यात जाऊन पडते. तिथले जंतू म्हणजे कचेरीच्या आवारातले एजंट. ते बेवारस फाईल बघून तुटून पडतात आणि हायड्रोजन नि कार्बन डायऑक्साइडचा धूर काढतात. शेजाऱ्यांचा टेम्पो तो हाच.

गुलाबी सिरपचं कोडंही सुटलं. त्यात डायास्टेज होतं आणि पेपेन. डायास्टेजचं टेबल स्टार्चचं, पपईच्या चिकातल्या पेपेनचं टेबल प्रथिनांचं. दोन्ही कर्मचारी हजर आणि कामसू. पण एका टेबलाचं काम दुसऱ्या टेबलावर होत नाही, हे मी आयुष्यभर दारात उभ्या राहिलेल्या लोकांना सांगत आलो होतो.

"म्हणजे मला शुगरचाच त्रास आहे?" मी विचारलं.

"एका अर्थी," डॉक्टर म्हणाले.

कारल्याची बारा वर्षं मला एकदम सुफळ वाटू लागली.

डॉक्टर पुढे जे बोलले त्यानं माझी छाती फुगली. पोट आधीच फुगलेलं होतं. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन तृतीयांशांचं लॅक्टेज असंच ओसरतं. आजारी मी नव्हेच. सस्तन प्राण्यांची रीतच ही. मोठेपणीही ज्यांना दूध पचतं त्यांच्यात उलट एक बदल झालेला असतो. डीएनएच्या मजकुरात एका जागी 'सी'च्या ऐवजी 'टी', आणि तेवढ्यानं त्या कारकुनाला तहहयात मुदतवाढ. फिनलंडमधल्या संशोधकांनी हा खाडाखोड केलेला शब्द २००२ साली शोधून काढला. युरोपातला तोच बदल भारतातही सापडतो. वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाताना विरळ. निलगिरीतल्या तोडा लोकांत मात्र तो भरपूर आहे. म्हशी त्यांच्याही आणि म्हशी आमच्याही. पण तो शासन निर्णय माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

थोडक्यात, आबा अपवाद आणि मी नियम. हे त्यांना सांगायला ते हवे होते. अर्थात असते तरी मांडीवर थाप मारून उठून गेले असते.

आणि हो, मोठ्या मांजरांनाही हाच त्रास होऊ शकतो. मांजर डोळे मिटून दूध का पितं, याचा मला उलगडा झाला. पुढे काय होणार, हे त्याला बघवत नसणार.

तोवर मी दुधानं तोंड पोळलेला म्हणून ताकही फुंकून पीत होतो. ते तर वेडेपणाचंच निघालं. दह्यातले जंतू स्वतःचं लॅक्टेज बरोबर घेऊन येतात आणि बरंच काम परस्पर उरकतात. श्रीखंडाचा चक्का टांगला की निवळीबरोबर साखर गळून जाते. तुपात तर जवळजवळ नसतेच. इतरांच्या आनंदावर विरजण पडतं; माझा आनंद विरजणानंच सुरू होतो.

तरी कट्टा डोक्यातून जात नव्हता.

अशात मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. नात दीड महिन्याची, आणि रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला किंचाळून घर डोक्यावर घ्यायची. बाळाच्या डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचणं ही माझी निवृत्तीनंतरची करमणूक. वाचलं. लॅक्टेज! रिक्त पदावरचा उमेदवार माझ्याच घरात, पाळण्याशेजारच्या फळीवर बसलेला.

मी दुकानात गेलो आणि तीच बाटली मागितली.

"बाळ किती महिन्यांचं?" पोऱ्यानं विचारलं.

"एकसष्ट," मी म्हणालो आणि घाईनं जोडलं, "वर्षांचं."

त्यानं मालकाला हाक मारली. मालकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "काका, या थेंबांनी तुमचं काय होणार? मोठ्यांच्या गोळ्या येतात." मागवाव्या लागल्या, चार दिवसांनी आल्या. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, घ्या की, पण पहिल्या घोटाबरोबर घ्या. गोळी जेवणाबरोबर येते आणि जेवणाबरोबर निघून जाते. नंतर घेतली तर उपयोग नाही, सकाळची संध्याकाळी चालत नाही. म्हणजे कायम नेमणूक नव्हे, रोजंदारी.

हे विकर एका बुरशीपासून काढतात. अ‍ॅस्परजिलस ओरायझी. जपानी लोक हिच्यावर सोया सॉस आणि मिसो करतात. याच बुरशीतून जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानं डायास्टेज काढलं आणि १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. गुलाबी सिरपातल्या कर्मचाऱ्याचा मूळपुरुष तो. बायकोला मी हे उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पावावर आली की टाकून द्यायची, आणि गोळीत आली की पैसे मोजून खायची." ही ती बुरशी नव्हे, असं मी म्हणालो. मुद्दा तिचाच राहिला.

त्याच संध्याकाळी मी गंगावेशीत गेलो. म्हशी होत्या. ग्लास स्टीलचा की काचेचा, एवढं बघायला माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. धार पडली, फेस आला. खिशातून गोळी काढून जिभेवर ठेवली, तसं शेजारी उभा असलेला एक तरुण पैलवान म्हणाला, "शुगरची का, काका?"

"व्हय," मी म्हणालो. आता खोटं नव्हतं.

एका दमात प्यालो नाही. चार घोटांत प्यालो, थांबून थांबून, पोटाचा कानोसा घेत. वाटेत धावलो नाही. घराच्या कोपऱ्यावर मुद्दाम पाच मिनिटं उभा राहिलो, एकाशी पाणीपट्टीवर बोललो. जेवलो. नात सातला रडून नऊला झोपली. रात्री दिवा मालवल्यावर मी छताकडे बघत पडलो होतो, अजूनही वाट बघत.

बऱ्याच वेळानं बायकोनं कूस बदलली.

"शेजाऱ्यांनी टेम्पो विकला वाटतं," ती म्हणाली.