कोलायवाले सर

विद्यापीठातल्या कुठल्याही सूक्ष्मजीवशास्त्र विभागात डोकावा, एक कोलायवाले सर सापडतीलच. बाकीचे प्राध्यापक सांडपाण्यातल्या, उसाच्या मुळांवरच्या, लोणारच्या खाऱ्या तळ्यातल्या जंतूंवर काम करतात. त्यांचे फोटो पेपरात येतात, प्रकल्पांना पैसे मिळतात. कोलायवाले सर मात्र एमएस्सीला असताना ई. कोलायच्या नादी लागतात आणि निवृत्तीपर्यंत तिच्या एखाद-दुसऱ्या जनुकाभोवती घुटमळत राहतात. त्या जनुकाचं नाव तिरप्या टाइपात छापलं नसेल तर विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध परत जातो.

आमच्या सोसायटीतले कोलायवाले सर दुसऱ्या मजल्यावर राहतात. अत्यंत घाईच्या जिवाचा अभ्यास करणारा हा अत्यंत सावकाश माणूस. खायला भरपूर आणि ३७ अंशांची ऊब मिळाली, की कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होते. दिवसाला ७२ पिढ्या, वर्षाला २६ हजारांवर. सर काळ याच मापाने मोजतात. प्रोफेसरपदाच्या बढतीची त्यांची फाइल दहा वर्षं फिरत होती. "अडीच लाख पिढ्या!" सर जिन्यात मला थांबवून म्हणाले. "माणूस आणि चिंपँझी वेगळे होऊन साधारण एवढ्याच पिढ्या झाल्यात. तेवढ्यात माझी फाइल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर आली."

सोसायटीत कोणाचं पोट बिघडलं की हमखास सरांना विचारणा होते, "सर, कोलाय असेल का हो?" सर दुखावतात. सगळ्या कोलाय तशा नसतात, हे ते भर जिन्यात सांगू लागतात. त्यांची के-१२ ही घरंदाज. १९२२ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला, घटसर्पातून उठलेल्या एका रुग्णाच्या शौचातून ती मिळाली आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतच वाढली. आता ती इतकी सोज्वळ झालीय, की माणसाच्या आतड्यात तिला धड मुक्कामही करता येत नाही. कुळकथा इथवर येते तोवर विचारणारा पुन्हा घरात पळालेला असतो.

एकदा ते मला लक्ष्मी रोडला घेऊन गेले. मखमल हवी होती.

"काका, रुखवतासाठी की दागिन्यांच्या पेटीला?" दुकानदाराने विचारलं.

"प्लेटवर दाबायला. १२१ अंशांच्या वाफेत पंधरा मिनिटं टिकेल का?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"रंग जाईल, काका."

"रंग जाऊ दे. लव राहिली पाहिजे."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कापड नाकापाशी धरलं, उलट्या दिशेने बोट फिरवलं, फुंकर मारली. पाच-सहा ठाणं उलगडून झाल्यावर एक पसंत पडलं. दीड मीटर घेऊन त्याचे तिथेच वीतभर चौकोन कापून मागितले.

"कापल्यावर परत घेणार नाही," दुकानदाराने बजावलं.

"परत आणलं तर तुम्हीच हात लावणार नाही."

या मखमलीचं सरांना भारी कौतुक. जॉशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या नवराबायकोने १९५२ साली दाखवलेली ही युक्ती. बॅक्टेरियांच्या वसाहती उगवलेली प्लेट मखमलीवर हलकेच दाबायची. लवेच्या टोकांना प्रत्येक वसाहतीतले थोडे जंतू लागतात. मग तोच ठसा औषध घातलेल्या प्लेटवर उठवायचा. तिथे जे जगले त्यांची जागा पाहून मूळ प्लेटवरचे त्यांचे भाऊबंद शोधायचे. त्या बिचाऱ्यांनी औषध कधी पाहिलेलंही नसतं, तरी ते औषधाला पुरून उरतात. म्हणजे औषध येण्याआधीच काही जण तयार असतात. "आमच्याकडेही आहेत असे दोघे," सर म्हणतात. "बढतीचे नवे नियम यायच्या आदल्याच महिन्यात प्रोफेसर होऊन बसले."

१९५८ चं नोबेल जॉशुआला मिळालं, एस्थरला नाही. हा विषय निघाला की सरांचा आवाज चढतो. सर रागावतात ते योग्यच आहे. पण एका रविवारी हे चाललं असताना काकू आतून म्हणाल्या, "आणि तुमच्या पेपरांवर माझ्या कुकरचं नाव कुठाय?" विभागातलं ऑटोक्लेव्ह बंद पडलं तेव्हा काकूंचा साडेसात लिटरचा कुकर 'दोन दिवसांसाठी' गेला होता. तो परत आला तेव्हा त्याला अगरचा असा काही वास होता, की काकूंनी त्यात पुन्हा डाळ शिजवली नाही. सर मात्र त्यांच्या विरजणाला तोंडावर 'मिश्र वसाहत' म्हणतात आणि दोन वाट्या दही खातात.

लग्नकार्याला त्यांना शक्यतो टाळावं. पॅरिसमधल्या व्होलमान आणि जेकब यांनी १९५० च्या दशकात जोडी जमवलेल्या बॅक्टेरियांना मिक्सरमध्ये फिरवून मधेच वेगळं केलं आणि कितव्या मिनिटाला कोणतं जनुक पलीकडे पोचलं ते पाहिलं. त्यावरून कोलायचा नकाशाच मिनिटांत मांडला गेला. अख्खं गुणसूत्र ओलांडायला साधारण शंभर मिनिटं. अंतरपाट धरलेला असताना सर हे शेजारच्याला सांगतात. पत्ताही ते तसाच देतात: "स्टॉपवर उतरलात की आठव्या मिनिटाला आमचं घर. लॅक जनुकाच्या जागी."

अशाच एका लग्नाला नाशिकला गेले असताना पुण्यात धो धो पाऊस लागला. पंगत सोडून सरांनी विभागातल्या शिपाईमामांना फोन लावला.

"मामा, लाइट आहे?"

"गेलेत, सर."

"फ्रीझर किती दाखवतोय?"

"उणे चौसष्ट."

सर खुर्चीत बसले. उणे ऐंशीच्या त्या फ्रीझरमध्ये ग्लिसरॉलमध्ये गोठवलेली त्यांची आयुष्यभराची कमाई होती. "दार उघडू नका. कोणी कुलगुरू आला तरी उघडू नका."

"सर, कुलगुरू रात्री साडेनऊला आपल्या फ्रीझरला कशाला येतील?" मामा म्हणाले. ते खरंच होतं. ते दिवसाही आले नव्हते.

शेवटी एकदाची बढतीची मुलाखत झाली. समितीतल्या तज्ज्ञाने ठेवणीतला प्रश्न काढला: समाजाला काय उपयोग? सर याचीच वाट पाहत होते. मानवी इन्शुलिन कोलायकडून बनवून घेतलं आणि १९८२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, हे सांगितल्यावर समितीतल्या दोघांनी नकळत समोरची बिस्किटं मागे सारली. सर तिथेच थांबले असते तर काम झालं होतं. पण त्यांनी १९८७ सालचे ओसाकाचे संशोधक काढले. त्यांना कोलायच्या एका जनुकाशेजारी पुन्हा पुन्हा येणारे चमत्कारिक तुकडे दिसले, आणि याचा अर्थ कळत नाही असं लिहून त्यांनी पेपर संपवला. त्याच तुकड्यांचं पुढे क्रिस्पर झालं आणि २०२० साली त्यातून घडलेल्या जनुकीय कात्रीला नोबेल मिळालं. "म्हणजे मधे ३३ वर्षं गेली," सर म्हणाले. "तेव्हा उपयोगाचं मला ३३ वर्षांनी विचारा."

समितीने त्यांना पुढची तारीख दिली.

प्रोफेसर झाले तेव्हा निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यातले निम्मे फ्रीझरच्या वाटणीत गेले. कोणता वाण कोणत्या विद्यार्थ्याला, याच्या याद्या झाल्या. दोघींना एकच वाण हवा होता. सरांनी तो रात्रभर वाढवून दोघींना दिला आणि शेतजमिनीचे दावे लढणारी माणसं किती मागासलेली आहेत, हे मला ऐकवलं.

निरोपसमारंभात विभागप्रमुखांनी घड्याळ दाखवत "सर, दोन शब्द, पाच मिनिटांत" अशी विनंती केली.

"पाच मिनिटांत एक पिढीसुद्धा होत नाही," असं म्हणून सरांनी माइक हातात घेतला आणि १९२२ पासून सुरुवात केली. बटाटेवडे गार झाले. मामांनी चहा दुसऱ्यांदा उकळला. मागच्या रांगेतली पीएचडीची मुलगी शेजारणीच्या कानात म्हणाली, "चार झाल्या. अजून लेडरबर्ग यायचाय."