खासगी नौका, सामायिक वर्गणी

ज्यांच्या पणजोबांना समुद्रोल्लंघनाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले असते, त्याच कुळांतील मंडळी हल्ली रविवारी माणशी वर्गणी काढून गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेली एक अख्खी शिडाची नौका दिवसभराकरिता भाड्याने घेतात. करारनाम्यात बयाणा, मुदत, उतारूंची मर्यादा आणि प्रतिकूल हवामान यांविषयीची कलमे इतक्या बारकाईने नमूद असतात, की १८०२ सालचा वसईचा तहही याहून थोडक्यात उरकला असेल असे वाटावे. मात्र मुंबईच्या बंदरात सकाळी वारा बहुधा पडलेला असतो आणि खरा खारा वारा दुपारनंतर सुटतो, ही गोष्ट कोणत्याही कलमात आढळत नाही. परिणामी ते शुभ्र शीड छायाचित्रापुरते उभारले जाते, आणि नौका इंजिनाच्या धडधडाटात, डिझेलच्या वासासह मार्गक्रमण करते. शेजारून मांडव्याची लाँच जाते. तिच्यातील उतारू त्याच समुद्रावर, त्याच उन्हात, किरकोळ तिकिटात चिवडा खात असतात, याकडे आमची मंडळी काळ्या चष्म्याआडून सहेतुक दुर्लक्ष करतात. सुकाणूवरचा तांडेल मात्र दोन्हींकडे सारख्याच निर्विकार मुद्रेने पाहतो. त्याला भरतीची वेळ सांभाळायची असते.

परतल्यावर हिशेब रुजू होतो, आणि त्यात एका काकांची हरकत नोंदली जाते: जेवण आपल्या पोटात टिकलेच नाही, सबब तेवढा हिस्सा वजा करावा.