बरकतपुऱ्याहून द्राक्षमळ्याकडे : होतकरू प्रवाशांसाठी मार्गदर्शन

वाइन-यात्रेची तयारी पासपोर्टपासून नव्हे, वाक्यापासून करावी. ‘आम्ही प्यायला चाललोय’ हे वाक्य हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या मराठी घरात कोणत्याही वयात उच्चारता येत नाही. ‘तिथलं रोजचं जगणं जवळून बघायचंय’ हे मात्र सासूबाईंसमोर, चारचौघांत, अगदी सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण हातात असतानाही बिनदिक्कत सांगता येते. वाक्य तोंडात बसले की व्हिसा, विमा आणि शेंगदाण्याची चटणी यांची व्यवस्था आपोआप होते. या मार्गदर्शनाचा सिद्धान्त साधा आहे: दारूची संस्कृती व्हायला मुख्यतः अंतर लागते. द्राक्षे, यीस्ट आणि ओकचे पिंप हे दुय्यम घटक होत.

पुरावा जॉर्जियातून घेऊ. तिथे क्वेव्हरी नावाचे मोठाले मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यांत वाइन मुरवतात. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली. ती पाहायला जाणारा प्रवासी रांजणाच्या काठाशी वाकून, आवाज खाली आणून बोलतो, आणि तसेच बोलावे. आता नलगोंड्याच्या रस्त्याला लागा. तिथे ताडी उतरवणाऱ्या गौड समाजातला माणूस कमरेला दोर आवळून ताडावर चढतो, फुलोऱ्याच्या तुऱ्याला धारदार सुरीने पातळ काप देतो आणि खाली मडके अडकवतो. शिंदीच्या झाडाला खोडातच खाच पाडावी लागते. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, उन्हे चढली की फसफसतो, दुपारनंतर आंबट होतो; हीच सेंधी. मडके आतून चुन्याने सारवले तर आंबणे थांबते आणि तोच रस नीरा ठरतो. माती, मोसम, झाडाचे वय, उतरवणाऱ्याचा हात, म्हणजे बोर्दोचा जाणकार ज्या ज्या गोष्टींवर तासभर बोलेल त्या सगळ्या इथे हजर आहेत. पण रांजण जमिनीत पुरला तर वारसा आणि मडके झाडाला टांगले तर सेंधी! त्याच ताडाची मुंजलं, म्हणजे ताडगोळे, मात्र उन्हाळ्यात हातगाडीवरून डझनाने घरात येतात. फळाला सोवळे लागत नाही.

मधल्या अंतराची सोय नाशिकला आहे. अजिंठा एक्स्प्रेसने मनमाड गाठावे, पुढे फार नाही. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आणून वाइनला सवलती दिल्या, २००५मध्ये सुला या वाइन-कंपनीने मळ्यातच चाखण्याची खोली उघडली, आणि गोदावरीवर अस्थी घेऊन जाण्याच्या गावी लोक पेला घेऊन सूर्यास्त बघू लागले. तरी नाशिकची वाइन ही निमसंस्कृतीच. तिथे ओळखीचे कोणी भेटण्याचा धोका असतो. हैदराबादच्या अवतीभवती एके काळी अनाब-ए-शाही द्राक्षांचे नावाजलेले मळे होते. त्यांच्याकडे यात्रा निघाल्याचे कोणी सांगत नाही. मळे गेले, प्लॉट पडले, आणि प्लॉट विकून आलेल्या पैशात टस्कनी बसते.

यावर पहिला आक्षेप येईल भेसळीचा. शहरातल्या सेंधीत गुंगीची औषधे मिसळतात, माणसे दवाखान्यात पोचतात. हे खरे आहे, आणि म्हणून अनोळखी दुकानातली सेंधी पिऊ नये हेही खरे. पण १९८५ साली ऑस्ट्रियातल्या वाइनमध्ये गोडव्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल सापडले तेव्हा कोणी वाइनला असंस्कृत ठरवले नाही. कायदा कडक केला. भेसळ हा तपासणीचा प्रश्न आहे, कुळाचा नव्हे. दुसरा आक्षेप जड आहे: दारूने घरे बुडतात. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी १९९२च्या सुमारास सारायाविरुद्ध, म्हणजे देशी दारूविरुद्ध, जे आंदोलन उभे केले त्याने राज्याचे राजकारण हलले, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्याची या लेखकाची तयारी नाही. फक्त ते म्हणणे विमानात बसताना विमानतळावर ठेवून जाऊ नये. फ्रान्सनेच १९९१पासून एव्हँ कायद्याने दारूच्या जाहिरातींना वेसण घातली आहे. यजमान जे जाणतो ते पाहुण्याने विसरायचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष आचारसंहिता. फ्रान्समध्ये दुकानात शिरताच आधी ‘बोंजूर’ म्हणावे, मग वस्तू मागावी. उलट क्रमाने गेल्यास संस्कृती दिसत नाही, दुकानदाराची पाठ दिसते. चाखण्याच्या टेबलावर भांडे ठेवलेले असते, त्यात थुंकणे शिष्टसंमत आहे. हैदराबादेत पानाने या कलेची तालीम झालेली असली तरी तिथे नेम भांड्यावरच असावा. ‘यात किती टक्के?’ असे विचारू नये. एप्रिलच्या गारठ्याने कोंब जळाले का, तोडणीला माणसे कुठून येतात, त्यांना मजुरी काय, हे विचारावे, कारण रोजचे जगणे तिथे असते. असे प्रश्न एकदम जमत नाहीत. त्यांचा सराव निघण्याआधी ताडाखाली करावा. झाडावरून पडून गौड मरतात, जायबंदी होतात. तेलंगण सरकारने २०२४मध्ये ‘काटमय्या रक्षा’ नावाने चढणाऱ्यांसाठी सुरक्षा-संच द्यायला सुरुवात केली. तो मिळाला का, वापरता येतो का, मुलगा या धंद्यात येणार का, एवढे विचारले तरी पुष्कळ. सेंधी घेतलीच पाहिजे असे नाही.

ज्याला इथे हे विचारण्याची लाज वाटते त्याने टस्कनीला जाऊन फक्त प्यावे आणि घरी तसेच सांगावे. आणि येताना हिशेब सांभाळावा: भारतात दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात. तिसरी ‘संस्कृती’ म्हणून सोडून देण्याची तरतूद कस्टम्सच्या नियमांत नाही.