कळसूबाईंस, पाहुण्यांकडून

मा. कळसूबाई,
मु. शिखर, बारी गावाच्या वर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर. खाली नावं बदलत असतात, वर कळवलं नसेल कुणी.)

स. न. वि. वि.

आम्ही आपले पाहुणे. शुक्रवारी रात्री ऑफिस सुटलं की पुण्या-मुंबईहून निघतो, पहाटे बारीत उतरतो, लोखंडी शिड्या चढून उजाडता उजाडता आपल्या दाराशी येतो. आपण आम्हाला तोंडाने ओळखणार नाही, कारण आल्या आल्या आम्ही आपल्याकडे पाठ करून फोटो काढतो. दुपारी जेवायला खाली असतो. पत्रास कारण की, आपल्या परिसरातल्या सोयींबद्दल आमच्या काही तक्रारी आहेत.

त्याआधी आपली सेवापुस्तिका चाळली. आपण कोळ्यांची पोर, रानात हिंडायची भारी हौस. इंदोऱ्यात एका घरी कामाला राहिलात, पण दोन अटींवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. (मुलाखतीत इतकं स्पष्ट बोलणारा उमेदवार आमच्याकडे दुसऱ्या फेरीलाही पोचत नाही.) सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस त्या घरी पाहुणे आले. उष्टी भांडी पडली, घाण झाली, आणि आपल्याला सांगण्यात आलं, पोरी, एवढं उरक. आपण उरकलंत. आणि तडक डोंगर चढून जी गेलात, ती खाली आलाच नाहीत. जिथे भांडी घासलीत ते थाळेमेळ आणि जिथे घाण काढलीत तो काळदरा. इंग्रजांच्या वेळच्या गॅझेटियरात ही हकिगत छापलेली आहे, म्हणजे आपला राजीनामा सरकारदप्तरी पोचला म्हणायचा. नोटिशीचा महिना मात्र आपण भरलेला दिसत नाही.

बाई, ते पाहुणे आमच्याच गोत्रातले. फरक एवढाच की ते घरात थांबले होते. आम्ही आपल्या मागोमाग वर आलो.

तर तक्रारी. पहिली काजव्यांची. मेच्या अखेरीस, मृगाच्या तोंडाशी, भंडारदरा-घाटघरकडच्या झाडांवर ते लखलखतात असं ऐकून आम्ही सहकुटुंब आलो. रात्रीचे नऊ वाजलेले, रस्त्यावर गाड्यांची रांग, सगळ्यांचे दिवे मोठे. आम्ही तर मोबाइलचा टॉर्चही लावून धरला, नीट दिसावं म्हणून. तरी काजवे दिसेनात! बरोबरचा गावातला पोरगा म्हणाला, "दिवं बंद करा साहेब. नर मादीला खुणावतोय, तुमच्या उजेडात तिला दिसंना कोण बोलावतंय ते." वर्षभर अळी म्हणून जमिनीत काढायचं आणि पंख फुटल्यावर उरतात ते दोनतीन आठवडे, त्यात लग्नं उरकायची, असंही काहीतरी सांगत होता. आम्ही त्याला गाणं बदलायला सांगितलं. एकूण रोषणाईचं नियोजन ढिसाळ.

दुसरी तक्रार इतिहासाची. आम्ही विचारलं होतं की रेंज कुठे मिळते आणि भंडारदरा धरणाचा अम्ब्रेला धबधबा कुठल्या वाराला सोडतात. त्यावर तोच पोरगा राघोजी भांगऱ्यांचं सांगायला लागला. देवगावचे, इथलेच, सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले, 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. सांगताना त्याचा आवाज जरा चढला होता. मग धरणापाशी म्हणाला, हे 1926 ला पुरं झालं, विल्सन साहेबाचं नाव दिलं, पाणी प्रवरेनं खाली उसाला जातं, आणि आमच्या आया उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात. सहलीला आलेल्या माणसाला हे कशाला? आम्ही लिंबू सरबत मागितलं. शिखराच्या वाटेवर ते मिळतं, ही सोय चांगली आहे. एवढ्या उंचावर पाणी कुणी आणि कसं आणलं असेल, हा विचार आम्हाला दुसऱ्या पेल्यापर्यंत शिवला नाही. मग वीस रुपये जास्त वाटले म्हणून घासाघीस केली.

1986 साली आपला डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात गेला. त्यामुळे सरपण आणणाऱ्या बाईला नियम लागले आणि आम्हाला पावती लागली. पावती आम्ही फाडतो, वर नेतो आणि वरच टाकतो. सोबत पाण्याची बाटली, वेफर्सचं पाकीट, आणि सह्याद्री स्वच्छ ठेवा असं लिहिलेल्या टी-शर्टाचं प्लास्टिक. यात आम्ही एकटे नाही, बरं का. अमेरिकेत यलोस्टोनला 1872 मध्ये जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, तिथे सुरुवातीच्या काळात लोक उकळत्या पाण्याच्या फवाऱ्यात कपडे टाकून धुऊन घेत. पाहुणा कुठलाही असो, धुण्याभांड्याची सोय आधी बघतो.

भांड्यांवरून आठवलं. जेवण मात्र फर्स्टक्लास. पिठलं, नाचणीची भाकरी, ठेचा, वर गरम इंद्रायणी भात. मावशी आग्रह करकरून वाढतात. आम्ही "घरच्यासारखं वाटतं" असं म्हणतो आणि खरंच तसंच वागतो, म्हणजे ताट जागेवर ठेवून उठतो. पुढचं काही पाहिलेलं नाही, कारण गाडीत एसी लावून बसलेलो असतो. काच वर होईपर्यंत मागच्या अंगणातून राखेने ताटं घासल्याचा आवाज तेवढा येतो. सोमवारी आम्ही गेल्यावर वाटेवरच्या बाटल्या पोत्यात भरायला गावातलीच माणसं जातात म्हणे. आपल्याच नात्यातली असावीत. कामाला लागताना त्यांच्या काही अटी होत्या का, हे विचारायचं राहून गेलं.

सबब विनंती की आपण कामावर पुन्हा रुजू व्हावं. हुद्दा देवीचाच राहील, नवरात्रातली जत्रा चालू राहील, शेंदूर वेळच्या वेळी मिळेल. त्या दोन अटी तेवढ्या मागे घ्याव्यात. आम्ही येत्या शनिवारी वीसजण आहोत, पुढच्या शनिवारी जास्त.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
समस्त शनिवार-रविवारकर

ता. क. मागच्यासारखं न सांगता वर निघून जायचा विचार असेल, तर आधीच कळवून ठेवतो: आपण आहात ती जागा 1646 मीटरवर आहे. आम्ही गुगलवर पाहिलं. महाराष्ट्रात याहून उंच डोंगर नाही.