पेटीमास्तर

नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. पेटीमास्तर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले, पण त्यांच्या बोलण्यावरून तसं वाटत नाही. चाळीस वर्षं ते रविवारच्या उपासनेत पेटी वाजवतायत. रेव्हरंड टिळकांची भजनं बोटांत अशी मुरलीत, की डुलकी लागली तरी भाता थांबत नाही.

मास्तरांना हेवा वाटतो, असं मंडळीत कुणी म्हणणार नाही. त्यांना ‘प्रार्थनेचा भार’ येतो. बुधवारच्या प्रार्थनासभेत ते उभे राहतात, डोळे मिटतात. “हे प्रभू, कोपऱ्यावरच्या कुटुंबाला तू नवी गाडी दिलीस. आता हप्ते भरायलाही बळ दे.” गाडी कर्जावर आहे हे मंडळीला कळतं ते असं. “खजिनदारांच्या मुलीला कॅनडाचा व्हिसा मिळाला. तिथल्या थंडीत तिचा विश्वास गारठू देऊ नकोस.” खजिनदार म्हणजे मी. मी ‘आमेन’ म्हणालो. अशा प्रार्थनेला दुसरं काही म्हणताच येत नाही, हीच तिची खुबी.

गेल्या नाताळात एक पोरगा कीबोर्ड घेऊन आला. एका बटणात तबला, दुसऱ्यात व्हायोलिन. उपासना सुटल्यावर सगळ्या बाया त्याच्याभोवती. मास्तर पेटीला खोळ घालत राहिले. एवढी मोठी खोळ नाहीये ती.

पुढच्या रविवारी संडेस्कूलमध्ये त्यांनी शौल राजाचा धडा घेतला. लढाईवरून परतताना बायांनी गाण्यात दाविदाच्या नावावर जास्त माणसं मोजली आणि तिथून राजाचं बिनसलं, हे नीट समजावलं. वीणा वाजवणाऱ्या दाविदावर शौलानं भाला कसा फेकला, हे तर फूटपट्टी हातात घेऊन दाखवलं. एका पोरानं विचारलं, “लागला का?” मास्तर म्हणाले, “नाही.” मला उगाच त्यात हळहळ ऐकू आली.

म्हणून मी त्यांना ‘लोभ धरू नको’ या दहाव्या आज्ञेची आठवण करून दिली. “त्यात घर आहे, बैल आहे, गाढव आहे,” ते म्हणाले. “कीबोर्ड कुठाय?” शेजाऱ्याची कुठलीच वस्तू, असं शेपूट त्या आज्ञेला आहे, ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. जरा वेळानं स्वतःच म्हणाले, “आणि मला तो नकोच आहे. त्याच्याकडे नसावा, एवढंच.”

लोभ आणि मत्सर यांतला फरक इतक्या थोडक्यात मी कुठे ऐकलेला नाही. मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचं दुःख, असं तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी मांडलं, पण त्यांना त्यासाठी लॅटिन लागलं.

पाळकसाहेबांनी प्रवचन दिलं नाही, पथ्य दिलं. उपवासकाळाचे ४० दिवस, रोज रात्री, त्या पोराचं नाव घेऊन त्याच्यासाठी आशीर्वाद मागायचा. वाक्यात ‘पण’ आला की पुन्हा पहिल्यापासून. मास्तरीणबाई सांगतात, पहिल्या रात्री अकरा वाजले. “प्रभू, त्याला यश दे, पण...” की परत सुरुवात. दुसऱ्या आठवड्यात ‘पण’ गेला, ‘फक्त’ आला. पाळकसाहेबांनी तोही बंद केला. मग नुसता खोकला उरला.

ईस्टरनंतर मास्तरांनी पोराला घरी बोलावलं. “बटणातला तबला गाणाऱ्यासाठी थांबत नाही रे. ये, भाता धर.” आता दर शनिवारी शिकवणी असते. पोराच्या बोटांना ते अजून नावं ठेवतात, पण तोंडावर ठेवतात, प्रार्थनासभेत नाही.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत मास्तरांचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. बावीस वर्षं मी या मंडळीचा हिशेब पैशापर्यंत जुळवतोय. माझ्यासाठी कुणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही.

त्या रात्रीपासून मी मास्तरांचं नाव घेऊन प्रार्थना करतो. अजून ‘पण’पाशीच आहे.